सोमवारी नखं दाखवा

मी नखांवर ब्लॉग लिहिते आणि मला स्वतःला नखं खायची सवय आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी तोंडावर मारायला नको. ब्लॉगवर जे लांबसडक, देखणे हात दिसतात ते माझ्या वहिनीचे. फोटो काढायचा मोबाइल भावाचा, मागची भिंत वडिलांची. माझं म्हणून जे काही होतं ते फक्त शब्द, आणि तेही बाईंनी दुरुस्त केलेले.

बाई म्हणजे आमच्या वडवणीच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण लिहिताना काही चुकलं तर काय, ही भीती अजून जात नाही. तशी गरजही नाही. बाकीच्या शिक्षिकांना ओळखायला आडनाव लावावं लागायचं, यांना नुसतं 'बाई' म्हटलं की पुरायचं.

दर सोमवारी प्रार्थना झाली की बाई ओट्यावरून खाली उतरायच्या आणि म्हणायच्या, नखं दाखवा. मग आम्ही सगळ्याजणी दोन्ही हात पुढं करून, पंजे पालथे धरून उभ्या राहायचो. बाई मारायच्या नाहीत. बोटांची टोकं हातात घ्यायच्या, चष्म्यातून बघायच्या आणि एक शब्द टाकून पुढं जायच्या. 'बरी' म्हणाल्या की तो दिवस चांगला गेला म्हणून समजा. 'कापा' म्हणाल्या की कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यातलं नेलकटर निघायचं आणि सगळ्यांसमोर कापावी लागायची. कुणी लग्नाहून नेलपॉलिश लावून आली असेल तर बाई रॉकेलचा बोळा फिरवायच्या, आणि त्या पोरीच्या हाताला दिवसभर स्टोव्हचा वास यायचा. माझ्यापाशी आल्या की म्हणायच्या, हिचं काय कापायचं, ही घरूनच खाऊन आली. सगळ्या हसायच्या. मीही हसायची, आणि बाईंची पाठ वळली की अंगठा परत तोंडात.

बाई आम्हाला नावानं हाक मारत नसत, हजेरीच्या नंबरानं मारत. वर्गात सुनीता ढिगानं असतात, अठ्ठावीस एकच असते, असं त्यांचं म्हणणं. मी अठ्ठावीस. शाळा सुटली तरी नंबर काही सुटला नाही. आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या गर्दीतून एकदम आवाज यायचा, "अठ्ठावीस, ती मेथी घेऊ नको, कालची हाय." एका मैत्रिणीच्या लग्नात अक्षता पडल्यावर बाई नवरदेवाजवळ गेल्या आणि कानात म्हणाल्या, सतराला जपा. त्या बिचाऱ्याला वाटलं, सतरा तारखेला आपल्यावर काहीतरी संकट आहे. तो अजून दर महिन्याच्या सतराला गाडी चालवत नाही, असं सतराच सांगते.

बाईंना एसटीची वाट बघताना कुणी पाहिलं नसेल. त्या रस्त्याच्या कडेला छत्री आडवी धरून उभ्या राहत. पाऊस असो, ऊन असो, दोन्ही नसो, छत्री असेच. जी मोटारसायकल थांबेल ती कुठल्या तरी नंबराच्या नवऱ्याची, नाहीतर दिराची निघे. मग बाई मागं एका अंगाला बसत आणि त्याला त्याच्याच गावचा रस्ता सांगत. लिहायच्या मात्र अगदी छापील मराठीत, आणि बोलायच्या आमच्यासारख्याच, कावून आणि लई आणि न्हाई. यावर कुणी बोट ठेवलं की म्हणायच्या, लिहायची भाषा इस्त्रीची, बोलायची घरातली. घरात कुणी इस्त्रीचं नेसून बसतं का?

आता माझ्या पराक्रमाकडं येते. आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं एक गाळा आहे. तिथं मी बांगड्या, टिकल्या आणि नेलपॉलिशचं दुकान काढलं, एका कोपऱ्यात खुर्ची टाकून नखं रंगवायचीही सोय केली. खुर्चीवर बहुतेक वेळा आमची मांजर बसायची. भावाला तो गाळा खत-बियाण्याच्या दुकानासाठी पाहिजे होता, आणि त्याचं काही चुकतही नव्हतं. युरियाला गिऱ्हाईक आहे, नखाला नाही. वडिलांनी मध्यममार्ग काढला, की दिवाळीपर्यंत बघू. तोवर दुकान चाललं तर माझं, नाहीतर पाडव्याला पोती येतील. म्हणून मी ब्लॉग काढला. सगळं जग रील काढत होतं, पण रीलमध्ये तोंड दाखवावं लागतं, आणि आमच्या घरात ते चाललं नसतं. हात दाखवून अवलक्षण तेवढं चालण्यासारखं होतं.

ब्लॉगचं नाव ठेवलं 'नखरा'. सुरुवात करायची 'हाय ब्युटीज' अशी. पहिल्याच लेखात मी लिहिलं, की या सीझनला प्रत्येकीच्या वॉर्डरोबमध्ये न्यूड शेड हवीच हवी. माझा स्वतःचा वॉर्डरोब म्हणजे आईच्या लोखंडी कपाटातला खालचा खण. शेवटी लिहायची, तुम्हाला काय वाटतं ते कमेंटमध्ये नक्की सांगा. कुणाला काहीच वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, शेवटी मीच मामेबहिणीच्या नावानं 'वॉव ताई' असं लिहिलं आणि खाली मीच तिला 'थँक्यू डिअर' म्हणून उत्तर दिलं. काही दिवस आमच्या दोघींचं बरं जमलं होतं.

मग एका दुपारी पहिली खरी कमेंट आली. ती अशी होती: 'न्यूड म्हणजे काय ते मराठीत लिहा, म्हणजे आपण काय लिहिले आहे ते लेखिकेच्याही लक्षात येईल. शेड ही गुरांसाठी असते. अठ्ठावीस, ही नखे तुझी नव्हेत. – बाई.'

मी फोन पालथा घातला. बाईंना पुण्याच्या पुतण्यानं जुना मोबाइल दिला होता, आणि निवृत्तीनंतर तपासायला वह्या नव्हत्या म्हणून त्या मिळेल ते तपासत सुटल्या होत्या. वर्तमानपत्रं तपासून झाली, देवळाचा फलक झाला, आता माझी पाळी होती. मी न्यूडच्या जागी 'गव्हाळ' केलं आणि शेडच्या जागी 'रंग'. दुसऱ्याच दिवशी गावातल्या दोन बायका दुकानात येऊन गव्हाळ रंगाची बाटली मागायला लागल्या. ती बाटली पहिल्यापासून फळीवर होती.

पुढच्या सोमवारी लेखाखाली बाईंनी फक्त एवढंच लिहिलं: 'सोमवार. नखे दाखवा.' मला वाटलं मला उद्देशून आहे, म्हणून मी गप्प राहिले. संध्याकाळी खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'बाई, तुम्ही हायत का खरंच? मी बत्तीस, माजलगाव.' आणि तिच्या हातांचा फोटो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. दोन्ही पंजे पालथे, पुढं धरलेले, मागं गॅसची शेगडी. मी तो लेखात चिकटवला. बाईंनी खाली शेरा दिला, 'कापा'. बत्तीसनं कापून पुन्हा फोटो पाठवला. मग नऊ, तेलगाव. मग एकवीस, आता राहणार पिंपरी. कुठं कुठं लग्न होऊन गेलेल्या पोरी, पोरी कसल्या, दोन-दोन लेकरांच्या आया, दर सोमवारी कामधाम सोडून हात पालथे करून उभ्या राहायला लागल्या.

यातून भांडणंही झाली. दुसऱ्या एका सालची बत्तीस उगवली आणि म्हणाली, बत्तीस मी आहे. दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या, तरी आठवडाभर कडकडून भांडल्या. बाईंनी निकाल दिला, एक जुनी बत्तीस, एक नवी बत्तीस. जुनीला 'जुनी' शब्दाचा राग आला, तो अजून गेलेला नाही. नगरच्या एका मुलीनं तर वडवणी पाहिलेलीच नव्हती, पण तिला नंबर पाहिजे होता. बाईंनी फोनवर तिची शुद्धलेखनाची परीक्षा घेतली आणि दुसऱ्या प्रयत्नात तिला त्रेसष्ट नंबर दिला. तिच्या घरी त्या दिवशी म्हणे पेढे वाटले.

ऊसतोडीला गेलेल्या एकोणीसनं एकदा फडावरून फोटो पाठवला. नखं चिरलेली, उसाच्या चिकानं काळी पडलेली. खाली नंबर नसलेल्या कुणीतरी 'ई' असं लिहिलं. बाईंनी शेरा दिला, 'स्वच्छ. ज्यांना काळे दिसते त्यांनी डोळे दाखवावेत.' त्यानंतर एकोणीसचा फोटो एकही सोमवार चुकला नाही.

आणि मी? मला वाटत होतं, माझी लेखणी बहरली. मी सगळ्यांना 'माझे वाचक' म्हणून सांगत सुटले. भावाला म्हटलं, याला कम्युनिटी म्हणतात, युरियाची कम्युनिटी होत नसते. एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण मी 'वाचक कसे जोडावेत' असा उपदेशाचा मोठा लेख लिहिला. त्याखाली जेवढ्या कमेंट आल्या त्या सगळ्यांत एकच प्रश्न होता, आज बाईंचा शेरा का नाही? बाईंना त्या दिवशी बँकेत काम होतं.

मग पुण्याहून एका नेलपॉलिश कंपनीच्या मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, तुमची एंगेजमेंट फार छान आहे. मी आनंदानं मोठ्यानं म्हटलं, हो का, माझी एंगेजमेंट छान आहे का. आई भाकरी टाकून तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली आणि विचारायला लागली, कुणासंगं? मी फोनवर हात ठेवून सांगितलं, वाचकांसंगं. तेवढ्यात ओसरीवरून वडिलांचा आवाज आला, "किती जण हायत?" तो गैरसमज मिटवता मिटवता माझी पुरेवाट झाली, आणि आत्याला अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

कंपनी माझ्याशी करार करणार होती. दुकानावर त्यांची पाटी, त्यांचा माल, आणि दर महिन्याला ब्लॉगचे पैसे. म्हणजे गाळा माझा राहणार होता. अट एकच. त्या वयस्कर बाई सगळ्यांना नखं कापायला सांगतात, त्यानं ब्रँडचं नुकसान होतं, तर त्यांना तेवढं काढा. मॅडम फार गोड बोलल्या. मी म्हटलं, त्यात काय एवढं.

मी बाईंकडं गेले तो दिवस सोमवारच होता. एसटी स्टँडच्या मागं त्यांच्या दोन खोल्या. बाई खुर्चीवर ताठ बसलेल्या, खळ घातलेली इस्त्रीची साडी, हातात घड्याळ. समोरच्या टेबलावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला, शाळा भरायची वाट बघत. घरात कुणी इस्त्रीचं नेसून बसत नाही म्हणणाऱ्या बाई सोमवारी तशा बसत होत्या, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी आडून आडून सांगायला लागले, की तुमची प्रकृती, डोळ्यांना त्रास, आता जरा आराम करा.

"कावून?" बाईंनी विचारलं.

मग खरं ते सांगितलं. कंपनी, करार, दिवाळी, भावाची पोती. बाई ऐकत राहिल्या. माझी चुकलेली क्रियापदंसुद्धा दुरुस्त केली नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजी माझी बदली झाली म्हणायची."

मी मान खाली घातली.

"दुकान राहील ना पण तुझं?"

"राहील, बाई."

"मग झालं."

त्यांनी मोबाइल बंद केला आणि देवांच्या फळीवर नेऊन ठेवला. मला वाटीत शेंगदाणे आणि गूळ दिला. मी तो खाल्ला आणि बाहेर आले, आणि लाजच वाटते सांगायला, मला हायसं वाटलं.

बाईंशिवायचा पहिला सोमवार बरा गेला, म्हणजे सगळ्यांना वाटलं त्या गावाला गेल्या असतील. त्यानंतर फोटो यायचे थांबले. शेरा द्यायला मी होते की. मी सगळ्यांना 'सुंदर', 'अप्रतिम', 'वॉव' असे शेरे दिले, लाल बदाम टाकले. त्रेसष्टनं लिहिलं, ताई, राग नका मानू, पण तुम्ही सगळ्यांनाच पास करता, मग दाखवून काय उपयोग? पुण्याच्या मॅडमनी विचारलं, एंगेजमेंट का पडली? मंगळवारी त्या करार घेऊन वडवणीला येणार होत्या. ऐन वेळेला माझं दुकान ओस पडलं होतं.

त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मला बुद्धी सुचली. ब्लॉगवर कमेंट करताना नावाच्या चौकटीत कुणीही कुणाचंही नाव टाकू शकतं, आणि मला त्या कामाचा अनुभव होता. बाई वडवणीत नव्हत्या. रविवारी बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "सोमवार मोकळाच हाय आता, नारायणगडावर दर्शनाला जाऊन येते. एक मुक्काम करीन म्हणते." म्हणजे रान मोकळं होतं. दुपारी दुकानात बसून मी लिहिलं: 'मुलींनो, नखे वाढवण्यास हरकत नाही. हा नवीन रंग सुरेख आहे. फारच वाढल्यास थोडी कापावित. – बाई.'

मला ते फार जमल्यासारखं वाटलं. इस्त्रीची भाषा, शेवटी रेघ, सगळं बाईंसारखं. मी चहा मांडला. चहाला उकळी यायच्या आत जुन्या बत्तीसची कमेंट आली, 'कापावितला पहिली वेलांटी?' त्याखाली नव्या बत्तीसनं लिहिलं, 'बरोबर. कापावीत पाहिजे. दुसरी.' आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघींचं एकमत झालं, आणि ते माझ्या मुळावर आलं.

मग सगळ्या तुटून पडल्या. कुणी म्हणालं, बाईंना ताप असेल. त्यावर नऊनं लिहिलं, की बाईंना टायफॉइड झाला होता तेव्हा त्यांनी सलाइन लावलेल्या हातानं डॉक्टरच्या पाटीवरचा 'रुग्न' दुरुस्त करून घेतला होता, तापानं त्यांची वेलांटी हलत नाही. एकोणीसनं लिहिलं, रंग सुरेख असं बाई मरून गेल्या तरी म्हणणार नाहीत. तिनं ते आपलं बोलण्यातलं लिहिलं होतं. पण ते वाक्य सगळ्यांच्या डोक्यात बसलं. फोन लावला तर बंद. गावातल्या एकीला बघायला पाठवलं तर दाराला कुलूप. शेजारचे म्हणाले, काल तर घरात दिसल्या होत्या, आज कुठं नेलं ते ठाऊक न्हाई. झालं. दिवस मावळायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाच्या चौकटीत बाईंचा शाळेच्या फोटोतला चेहरा आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. शब्द मात्र प्रत्येकीनं दोनदा तपासून लिहिला होता.

मी खरं सांगू शकत होते. एका ओळीचं काम होतं. पण ती ओळ लिहायची म्हणजे आधीची कुणी लिहिली तेही सांगावं लागणार, आणि उद्या मॅडम येणार. मी स्वतःला समजावलं, की सकाळी बाई गडावरून येतील, लोकांना दिसतील, आणि आपोआप मिटेल. माझ्या आयुष्यात आपोआप काही मिटल्याचं मला आठवत नाही, तरी मी तसं समजावलं.

मंगळवारी सकाळी मी कंपनीनं पाठवलेले रंग लावून बसले होते. वहिनी माहेरी गेलती, म्हणून माझ्याच कुरतडलेल्या नखांवर, प्रत्येक बोटाला वेगळा. डाव्या करंगळीला पोपटी होता. तेवढ्यात बीडकडून आलेल्या एसटीतून बायका उतरताना दिसल्या. मग एक जीप आली. साध्या साड्या, डोक्यावर पदर, दोघीतिघींच्या हातात हार. मी चपला न घालता पळाले.

बाईंच्या दारासमोर मी पोचले तर पायऱ्यांवर, रस्त्यावर बायकाच बायका बसलेल्या. जुनी बत्तीस नव्या बत्तीसच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. त्रेसष्ट नगरहून पहाटेची निघालेली, तिला तर कुणीच ओळखत नव्हतं, ती एका बाजूला एकटीच बसून डोळे पुसत होती. मी सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात एक मोटारसायकल आली. मागून बाई उतरल्या, हातात छत्री, कपाळाला गडावरचा बुक्का. समोरची गर्दी बघून त्यांनी पटकन डोक्यावर पदर घेतला आणि हळूच शेवटच्या बाईच्या शेजारी टेकल्या.

"कोण गेलं गं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

ती एकोणीस होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाई गेल्या."

"कोणच्या बाई?"

एकोणीसनं मान वर केली. ती ओरडली नाही, काही नाही. तिनं बाईंचे पाय धरले आणि सोडेचना. मग एकेक करून सगळ्या वळल्या. एक म्हातारे गृहस्थ टॉवेल खांद्यावर टाकून कवा न्यायचं म्हणून विचारायला आलते, तेही जागीच थबकले. बाईंनी सगळ्यांकडं पाहिलं, दारात ठेवलेले हार पाहिले, आणि त्यांना कळलं. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. मला वाटतं त्यांना रडू येत होतं आणि ते आमच्यापुढं येऊ द्यायचं नव्हतं, कारण त्या एकदम उठल्या आणि म्हणाल्या, "नंबरानं उभ्या ऱ्हावा."

सगळ्या उठल्या. पदर सावरून, नाकं ओढत रांग लागली, आणि कुणी न सांगता हात पुढं झाले, पालथे. एकीच्याही नखाला रंग नव्हता. मयतीला नखं रंगवून कोण जातं? आणि लांब वाढवलेली होती त्यांनी घरून निघताना कापून टाकली होती, बाईंकडं शेवटचं जाताना तशी कशी न्यायची म्हणून. बाई एकेकीची बोटं हातात घेत पुढं चालल्या. बरी. बरी. बरी. सबंध नोकरीत त्यांचा एकही वर्ग असा पुरा पास झाला नव्हता. त्यांचा आवाज बारीक बारीक होत गेला.

मग त्या अठ्ठाविसापाशी आल्या.

मी हात मागं लपवले. बाईंनी ते धरून पुढं आणले. लाल, जांभळा, सोनेरी, पोपटी. सगळी रांग वाकून बघायला लागली. बाईंनी एकदा रंगांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"म्हंजी मी जिती हाय हे तुला एकटीलाच ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"चुकलं, बाई."

"काय चुकलं ते सांग."

"वेलांटी."

"वेलांटीचं मागून बघू."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर रडत रडत मी सांगितलं, की तुम्हाला थांबा म्हणाले ते चुकलं. तुम्ही इस्त्रीचं नेसून बसला होता ते बघूनही म्हणाले. ह्या सगळ्या तुमच्यासाठी येत होत्या आणि मी माझे वाचक, माझे वाचक म्हणून मिरवलं. आणि काल रात्रभर ह्या रडल्या, तरी मी बोलले नाही. बाईंनी माझे हात सोडले नव्हते. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

माझा फोन वाजायला लागला. मॅडम होत्या, बीडपर्यंत आल्या असणार. मी फोन उचलला नाही. वाजायचा थांबल्यावर त्यांना तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, की तुमची अट मला मान्य नाही. आणखी काय लिहावं ते कळेना, म्हणून पुढं लिहिलं, बाई राहतिल.

"आण हिकडं," बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला आणि वाचला. बराच वेळ वाचत राहिल्या. दोनच वाक्यं होती.

"आणि दुकान?"

"अर्ध्यात खत, अर्ध्यात नखं," मी म्हटलं. भावाला मी यातलं काही विचारलेलं नव्हतं.

बाईंनी एक बोट पुढं केलं. 'राहतिल'मधली पहिली वेलांटी पुसली, दुसरी दिली, मोठ्यानं वाचून बघितलं, "बाई राहतील," आणि मगच मला बटण दाबू दिलं.